राज्य कुणावर?

यंदा जत्रेला भाचा आला तो लॅपटॉप घेऊनच. मुंबईत तो रिॲलिटी शो एडिट करतो, मी इकडे सिंधुदुर्गात २५ वर्षं मुलांची नाट्यशिबिरं घेते. पालखी निघायला वेळ होता, दशावतार उभा राहायला त्याहून जास्त. जेवणं आटोपून आम्ही खळ्यात सतरंजी टाकून बसलो आणि त्याने त्याची कन्सेप्ट नोट मला वाचून दाखवली.

तेरा ते सतरा वयाची दहा मुलं. त्यांना एका किल्ल्यावर न्यायचं. तिथे म्हातारा राजा आहे, फितूर झालेला प्रधान आहे, शाप लागलेली नदी आहे, रानात एकटी राहणारी एक चेटकीण आहे. हे सगळे नट, त्यांचे संवाद लिहिलेले. मुलांना मात्र ना संवाद, ना गोष्ट ठाऊक. त्यांनी कोडी सोडवायची, नदी ओलांडायची, फितूर ओळखायचा, राज्य वाचवायचं. दर भागात एक जण कमी होणार आणि शेवटी जो उरेल तो राज्याचा रक्षक.

"मावशी, नटांना तू तयार कर," तो म्हणाला. "समोरचं मूल काय बोलेल ते कुणीच लिहिलेलं नसणार. नटाला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागेल आणि गोष्टही हातची सुटू देता येणार नाही. मालिकेतल्या नटांना हे जमत नाही. दशावतारातल्यांना जमतं."

हे त्याचं खरं होतं. दशावतारात आख्यान ठरलेलं असतं, शब्द ठरलेले नसतात. रंगपटात तोंडं रंगवता रंगवता कथा कशी न्यायची ते आपसात बोलून घेतात, आणि बाहेर आल्यावर समोरच्याने काय टाकलं त्यावर उत्तर सुचतं. अशी माणसं मी त्याला गावातच चार दाखवली असती. पण माझ्या मनात नट आलेच नाहीत.

"कमी होणाऱ्या मुलाचं काय करणार आहेस?" मी विचारलं.

त्याने उत्तर दिलं नाही. लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, "आधी हे बघ. मग भांड."

पडद्यावर एक मुलगा दिसला. डोक्यावर भलंमोठं शिरस्त्राण, डोळ्यांवरून खाली आलेलं. हात पुढे करून तो एका भुयारात चाचपडत चालला होता, आणि कुठून तरी त्याच्या मित्रांचे आवाज येत होते. डावीकडे सरक. अजून थोडं. थांब, थांब!

"ही 'नाइटमेअर'," भाचा सांगू लागला. "ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर १९८७ ते १९९४, आठ पर्वं झाली. टिम चाइल्ड नावाच्या निर्मात्याची कल्पना, नॉरिचच्या अँग्लिया टेलिव्हिजनने केलेली. चार मुलांचा संघ. एक आत जाणार, तिघं बाहेर बसून त्याला वाट सांगणार. आतल्याला समोरचं काही दिसत नाही, कारण बघण्यासारखं तिथे काही नाहीच. ती एक रिकामी निळी खोली आहे. निळ्याच्या जागी डेव्हिड रो या चित्रकाराने रंगवलेली भुयारं बसवलेली आहेत, ती फक्त बाहेरच्या तिघांना पडद्यावर दिसतात. आपल्या क्रोमाचंच तंत्र, पण त्या काळात अख्खं जग त्याने उभं करायचं म्हणजे मोठीच गोष्ट."

"आणि शिरस्त्राण?"

"त्यासाठीच तर ते. डोळे उघडे ठेवले असते तर पोराला कळलं असतं की आपण निळ्या भिंतींमध्ये उभे आहोत."

मी बराच वेळ ते बघत राहिले. मध्येच कुणी राणी यायची, कुणी विदूषक, कुणी भिंतीतून बोलणारा चेहरा, आणि ते मुलाला कोडं घालायचे. हे सगळे नट होते आणि मुलाच्या उत्तराप्रमाणे वळत होते. किल्ल्याचा स्वामी ट्रेगार्ड, म्हणजे ह्यूगो मायट हा नट, बाहेरच्या तिघांजवळ बसून त्यांना ना पूर्ण मदत करायचा ना पूर्ण एकटं सोडायचा. शिबिरात मी नेमकं हेच करू बघते आणि दर वेळी कुठे तरी जास्त मदत करून बसते. पुढे एका संघातल्या मुलीने गडबडून डावं-उजवं उलटं सांगितलं आणि आतला मुलगा दरीत गेला. खेळ संपला. तिने तोंडावर हात ठेवला. पुढच्याच दृश्यात मुलगा शिरस्त्राण काढून धडधाकट उभा होता आणि ती त्याच्याकडे बघून हसत होती.

"किती संघ जिंकले?"

"आठ पर्वांत मिळून आठ. पहिल्या पर्वात एकही नाही."

मला हे फार आवडलं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. मुलांची चूक झाली की गोष्ट तिथेच संपायची, आणि मोठी माणसं तिला संपू द्यायची. राज्य वाचलंच पाहिजे असा कुणाचा हट्ट नव्हता. त्यामुळे जे आठ संघ जिंकले ते खरोखर त्यांच्या डोक्याने जिंकले.

भाचा मान हलवत होता. "मावशी, तुला ती आवडणारच, ती तालमीसारखी आहे. पण तो मुलगा आत असून आत नाही, हे बघ ना. भुयार बघायला मिळालं ते घरी बसलेल्यांना. त्याच्या वाट्याला काळोख आला. मला त्याच्या डोळ्यांसमोर राज्य उभं करायचंय."

मग त्याने दुसरी मालिका काढली, 'द क्वेस्ट'. पहिल्यांदा ती २०१४ मध्ये अमेरिकेत एबीसीवर आली, मोठ्या माणसांसाठी. बारा स्पर्धक, एव्हररील्म नावाचं काल्पनिक जग, राणी, राक्षस, भविष्यवाणी. निर्मात्यांमध्ये 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रपटांशी जोडलेले मार्क ऑर्डेस्की होते आणि 'द अमेझिंग रेस' निर्माण करणारे बर्ट्रम व्हॅन मन्स्टर आणि एलिस डोगानिएरीही. म्हणजे एका बाजूने महाकथा रचणारे, दुसऱ्या बाजूने स्पर्धा लावणारे. चित्रीकरण ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या क्रॉयझेनश्टाइन किल्ल्यात झालं. हा किल्ला बघण्यासारखा आहे. मूळचा मध्ययुगीन किल्ला १६४५ मध्ये स्वीडिश सैन्याने उडवून दिला. १८७४ पासून विल्चेक नावाच्या सरदाराने त्या अवशेषांवर तो पुन्हा उभारला, आणि त्यासाठी युरोपभरातून जुन्या इमारतींचे खरे तुकडे विकत आणून बसवले. दगड मध्ययुगीन आणि किल्ला एकोणिसाव्या शतकातला. अशी मालिका करायला याहून योग्य जागा त्यांना मिळाली नसती.

२०२२ च्या मे महिन्यात 'द क्वेस्ट' डिझ्नी प्लसवर परत आली, या वेळी किशोरवयीन मुलांना घेऊन. आठ मुलं, आठ भाग. राजघराण्याची नाट्यमय दृश्यं चित्रपटासारखी घेतलेली, आणि त्याच कथेत ही मुलं पॅलाडिन म्हणजे वीर म्हणून येतात.

"या मुलांचे डोळे बघ," भाचा म्हणाला. "ही पंधरा-सोळाची आहेत. या वयाची पोरं आपल्याकडे कशी असतात? कोणी हसेल म्हणून खेळणं सोडून दिलेली. तलवार धर म्हटलं तर लाजणारी. इथे ती खऱ्याखुऱ्या गांभीर्याने गुडघा टेकून शपथ घेतात. ही परवानगी त्यांना कशामुळे मिळाली? स्पर्धेमुळे. नुसतं 'चला, खेळू या' म्हटलं असतं तर एकानेही गुडघा टेकला नसता."

हे मला नाकारता आलं नाही. शिबिरात आठ वर्षांच्या मुलाला 'झाड हो' म्हटलं की तो झाड होतो. चौदा वर्षांचा मुलगा आधी आजूबाजूला बघतो. त्यालाच 'सर्वांत जास्त वेळ कोण झाड राहतं बघू' म्हटलं की तो वादळातसुद्धा हलत नाही. त्या वयाला स्वप्नात शिरायला काही तरी निमित्त लागतं, आणि पैज हे चांगलं निमित्त आहे. तेवढं मी त्याला कबूल केलं.

"पण या मुलांची नावं काय आहेत?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"राणीचं नाव रचलेलं आहे, चेटकिणीचं रचलेलं आहे, राज्याचंही. मुलांना हाक मारतात ती कुठल्या नावाने?"

"त्यांच्याच."

"म्हणजे अख्ख्या राज्यात खरं नाव असलेली तेवढी मुलंच."

तो थांबला. मला नेमकं हेच सलत होतं, म्हणून मी बोलत राहिले. चेटकीण करणारी नटी काम संपल्यावर तोंड धुऊन घरी जाते. तिने केलेला दुष्टपणा चेटकिणीच्या नावावर जमा होतो. पंधरा वर्षांची मुलगी मात्र तिथे घाबरून मित्राला सोडून पळाली, तर ती पळाली ती तिच्या नावाने. शाळेत परत गेल्यावर हजेरीला तेच नाव. दशावतारात गेली कित्येक वर्षं राक्षस करणाऱ्या माणसाला गावात कुणी राक्षस म्हणत नाही, कारण त्याच्या तोंडावर रंग होता आणि नाव दुसऱ्याचं होतं. "तू सगळ्या मोठ्यांना मुखवटे दिलेस," मी म्हटलं, "आणि पोरांना उघड्या तोंडाने आत पाठवतोयस."

"मुखवटा दिला तर ती नाटक करायला लागतील," तो जरा चढ्या आवाजात म्हणाला. "मग त्यांची निवड खरी राहील का? नदीकाठी उभं राहून 'मी जातो' म्हणणारा मुलगा स्वतः असायला हवा. तो दुसराच कुणी असला तर स्पर्धा कसली?"

"दोन शिबिरं एक मुलगी माझ्याकडे येत होती. एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या वर्षी मी पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, आठ दिवस आपलं नाव बदलून घ्या. तिने 'वीज' नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याशी वाद घालत होती. तो वाद खोटा होता?"

तो काही बोलला नाही, आणि का बोलला नाही ते मला माहीत होतं. बारा वर्षांचा असताना तो एका मुलांच्या रिॲलिटी शोमध्ये होता. मी पालक म्हणून सोबत होते. एकदा सकाळी सहापासून तयार होऊन बसलेला हा, दुपारी तीनपर्यंत नुसत्या बिस्किटांवर होता, आणि भुकेने रडला. एका माणसाने ते टिपलं. दोन आठवड्यांनी भाग लागला तेव्हा ते रडणं दुसऱ्या मुलाच्या गुणांनंतर जोडलेलं होतं. शाळेत वर्षभर त्याला 'जळकू' म्हणत. आमच्या घरात हा विषय कुणी काढत नाही. त्या रात्री तो त्यानेच काढला.

"मावशी, तुला वाटतं मी ते विसरलोय. मी एडिटर झालो तो त्यामुळेच. आणि मला हे गोष्टीतलं राज्य हवंय तेही त्यामुळेच. तिथे माझ्यासमोर कोण होतं? दुसरं एक पोर. शत्रू म्हणून त्यांच्याकडे तोच होता, म्हणून त्यांनी माझं रडणं त्याच्या गुणांना जोडलं. तिथे एखादी चेटकीण असती तर ते तिला जोडलं असतं. मी चेटकिणीला घाबरून रडलो असं लोकांनी बघितलं असतं. त्याने माझं काय बिघडलं असतं?"

मग त्याने मला 'किड नेशन'बद्दल सांगितलं. अमेरिकेत २००७ मध्ये सीबीएसने आठ ते पंधरा वर्षांची ४० मुलं न्यू मेक्सिकोतल्या एका ओस गावाच्या सेटवर ४० दिवस नेली. आईबाप नाहीत, राजा नाही, चेटकीणही नाही. मुलांनीच गाव चालवायचं, स्वयंपाक करायचा, आणि एकमेकांत गट पाडून स्पर्धा खेळायच्या. ज्याला सोन्याचा तारा मिळेल त्याला २०,००० डॉलर. स्वयंपाकात गरम तेल उडून एका मुलीचा चेहरा भाजला, काही मुलांच्या पोटात चुकून ब्लीच गेलं. मोठा गदारोळ झाला, मालिका एकाच पर्वात बंद पडली. मुलं इथे काम करत नाहीत, फक्त सहभागी आहेत, असं तेव्हा निर्मात्यांचं म्हणणं होतं.

"बघितलंस? गोष्ट काढून घेतली की पोरांपुढे पोरंच उरतात. लिहिलेला खलनायक लागतो, कारण सगळा राग घ्यायला कोणीतरी मोठा माणूस हवा. पगार घेऊन शिव्या खाणारा."

आमच्या सगळ्या बोलण्यातलं हे त्याचं सर्वांत जोरदार म्हणणं होतं आणि मला ते आजही पटतं. संहितेने मुलांची निवड हिरावून घेतली जाईल अशी मला भीती होती. संहिता मुलांच्या अंगावरचं किल्मिष स्वतःवर घेऊ शकते, हे मी बघितलं नव्हतं.

"मग रक्षक एकच का?" मी विचारलं. "चेटकीण आणलीस ती पोरांनी पोरांशी लढू नये म्हणून. आणि दर भागात एक पोर बाद करतोस. मग त्यांचा खरा शत्रू कोण झाला?"

"चॅनेलला स्पर्धा लागते."

"चॅनेलचं सोड. तुला?"

"मलाही लागते. हरण्याची भीती नसेल तर जिंकण्याला अर्थ नाही. तुझ्या त्या 'नाइटमेअर'मध्ये पोरं मरतच होती की."

"मरत होती, बाद होत नव्हती. दरीत चौघं एकदम गेले. डावं-उजवं चुकलेली मुलगी एकटी गेटाबाहेर नाही गेली. आणि कबड्डीत बघ. मेलेला गडी कायमचा मरतो का? त्याच्या बाजूने एक गडी मारला की तो जिवंत होऊन आत येतो. लंगडीत, लपाछपीत लहान मूल असलं की आपण त्याला कच्चं लिंबू करतो. त्याला खेळू देतो, त्याच्यावर राज्य येऊ देत नाही. आपल्या पोरांच्या खेळांनी हे सगळं आधीच सोडवून ठेवलंय. राज्य सगळ्यांवर येतं, कुणावर कायमचं बसत नाही. तुझ्या नोटमध्ये हे सगळं कुठे आहे?"

त्याने काहीतरी टाइप केलं. काय ते मी विचारलं नाही.

नियमांचंही आमचं बोलणं झालं, पण ते लवकर संपलं. बालकलाकारांसाठी २०१७ चे केंद्राचे नियम आहेत ते त्याने सांगितले. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, तीन तासांनंतर विश्रांती, मिळकतीतला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत, सलग २७ दिवसांहून जास्त काम नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. चांगले नियम आहेत. पण ते चौदा वर्षांखालच्या मुलांना धरून लिहिलेले आहेत, आणि याच्या दहांपैकी बहुतेक मुलं त्या रेषेच्या वर. शिवाय त्या नियमांत चित्रीकरणाचे तास मोजलेत. एका मुलाच्या रडण्याचे चार सेकंद किती ठिकाणी, कशाच्या पुढेमागे आणि किती वर्षं वापरायचे, याचा तास कोण मोजणार? यावर तो म्हणाला, "ते मी मोजेन." मला ते बरं वाटलं, पण पुरेसं वाटलं नाही. तो नोकरी सोडेल त्या दिवशी कोण मोजेल?

मग त्याने एक गोष्ट सांगितली ती मला ठाऊक नव्हती. मे २०२३ मध्ये डिझ्नी प्लसने खर्चकपातीत बरेच कार्यक्रम आपल्या संग्रहातून काढून टाकले, त्यात ही मुलांची 'द क्वेस्ट'ही गेली. जेमतेम वर्षभर ती तिथे होती. भाच्याला याचं फार वाईट वाटलं होतं. "त्या पोरांनी खरोखर घालवलेले दिवस आहेत ते. त्यांनी गुडघा टेकून शपथ घेतली होती."

मला मात्र ऐकून क्षणभर हायसं वाटलं. तिथे कुणी कच्चं पडलं असेल, तर त्याच्या कच्चेपणावर आता पडदा पडला. त्याला हे सांगितलं तेव्हा तो दुखावला. "तू सारखी पडलेल्याचाच विचार करतेस," तो म्हणाला. "उभा राहिलेल्याचं काय? त्याने काय दाखवायचं?" माझ्याकडे याला उत्तर नव्हतं, आणि नाहीही.

आतून पुन्हा चहा आला. देवळाकडे ढोल वाजायला लागले होते. पालखी बाहेर पडत असावी.

"एक सांग," भाचा म्हणाला. "आज पहाटेपर्यंत दशावतार बघशील. आख्यानात शेवटी राक्षस मरणार हे तुला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. म्हणून ती लढाई तुला खोटी वाटते का? मग माझं राज्य शेवटी वाचणार हे आधी लिहिलेलं असलं तर तेवढ्याने तुझ्या पोटात का दुखतं?"

"कारण राक्षस करणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तुझ्या पोरांना ठाऊक नसणार."

"ठाऊक असलं तर ती घाबरणार कशी?"

तेव्हा मी त्याला संकासुराची गोष्ट सांगितली. मी पाच वर्षांची असेन. दशावतारात मुख्य आख्यानाआधी आडदशावतार होतो. गणपती येतो, सरस्वती येते, भटजी येतो आणि मग संकासुर. काळे कपडे, काळा मुखवटा, बाहेर लोंबणारी जीभ. आमच्याकडे तो सरळ पुढे बसलेल्या पोरांत घुसायचा. मी किंचाळून आजीच्या लुगड्यात तोंड खुपसलं. आजी माझ्या कानात म्हणाली, "अगो, घाबरतंस कित्याक? तो आपलो सुतार!"

मी लुगड्याच्या काठातून बघितलं. काळ्या कपड्यांच्या खाली पाय दिसत होते आणि उजव्या अंगठ्याचं नख अर्धं गेलेलं होतं. वाकस लागून ते गेलं तेव्हा तो आमच्याच पडवीत दाराची चौकट करत होता. तो सुतारच होता. आणि तरीही मुखवटा माझ्याकडे वळला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. फरक एवढाच पडला की मी पळाले नाही. त्या वर्षी पहिल्यांदा मी तो पूर्ण बघितला.

"घाबरायला अज्ञान लागत नाही रे," मी म्हटलं. "तुम्हा टीव्हीवाल्यांना वाटतं, पोराला अंधारात ठेवलं तरच खरा चेहरा मिळतो. सुतार माहीत असूनही मी खरीच घाबरले होते."

"मग मुलांना सगळं आधी सांगायचं? फितूर कोण तेसुद्धा?"

"सगळं नाही. अंगठा दिसू द्यायचा."

हे त्याला आवडलं. त्याने परत टाइप केलं, या वेळी मला वाचूनही दाखवलं. चित्रीकरणाआधी मुलांनी प्रत्येक नटाला रंगाशिवाय भेटायचं, सोबत जेवायचं. राज्यात जाताना प्रत्येक मुलाने स्वतःसाठी नाव निवडायचं, आणि पडद्यावर तेच नाव. मेलेला जिवंत होऊन परत येऊ शकेल. रक्षक किती असावेत यावर मात्र त्याने एकाचे तीन केले, दहा केले नाहीत. मी अजून ओढून बघितलं, तो हलला नाही. तो त्याचा ठाम विचार आहे आणि तो भित्रेपणातून आलेला नाही, हे मला त्या रात्री कळलं.

"आणि टाइम प्लीज," मी म्हटलं.

"काय?"

"लहानपणी खेळताना लागलं, चप्पल तुटली, रडू आलं की तू काय करायचास? मूठ ओठांना लावायचास आणि टाइम प्लीज म्हणायचास. ज्याच्यावर राज्य आहे तोही थांबायचा. कुणी का म्हणून विचारायचं नाही. मुलाने ते म्हटलं की तुझ्या किल्ल्यात काय होईल?"

"राजा थांबेल," तो सावकाश म्हणाला. "चेटकीणही थांबेल. दिवे लागतील. कुणीतरी पाणी घेऊन येईल." तो ते डोळ्यांपुढे बघत होता. मी इतकी वर्षं मुलांबरोबर काम केलंय, कुणी मनात दृश्य लावत असलं की मला ते दिसतं. मग त्याचा चेहरा बदलला.

"मावशी, पोर मूठ ओठांना लावतंय, डोळ्यांत पाणी आणि मागे राजा थिजून उभा. अख्ख्या पर्वात याहून चांगला शॉट नसेल. ते प्रोमोला हाच वापरतील."

"मग तो तू कापायचास."

त्याने लॅपटॉप मिटला. देवळाकडून झांजा ऐकू आल्या, मग पायपेटीचा पहिला सूर. पेटारा उघडला होता. आम्ही चपला घातल्या आणि बॅटरी घेऊन निघालो. तो वाटेत काही बोलला नाही. मंडपाच्या तोंडाशी आल्यावर त्याने विचारलं, संकासुर आता कोण करतो.

"सुताराचा मुलगा," मी म्हटलं, आणि आम्ही पोरांच्या मागे जागा धरली.